स्वर्गपक्ष्यांचे स्वयंवर

स्वर्गपक्षी हे कावळ्याचे नातलग आहेत, हे त्यांची चित्रे पाहिलेल्या माणसाला सहजी पटत नाही. पक्षिशास्त्राच्या वर्गीकरणात मात्र कावळा, कोतवाल, हळद्या आणि स्वर्गपक्षी एकाच मोठ्या गोतावळ्यात येतात. नराच्या अंगावरची आभूषणे बाजूला ठेवली तर खाली उरतो तो मजबूत पायांचा, बहुधा कर्कश ओरडणारा पक्षी, आणि मग नाते थोडेफार दिसू लागते. या कुळात चाळीसहून काही अधिक जाती आहेत. सर्वांत लहान जात चिमणीहून जराशी मोठी, सर्वांत मोठी कावळ्याएवढी. बहुतेक जाती न्यू गिनी बेटावर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर राहतात. दोन-तीन पश्चिमेकडच्या मोलुक्का बेटांवर आणि काही ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या जंगलांत. सह्याद्रीत दिसणारा लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक नावामुळे यांच्यातलाच वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे आहे.

या कुळाची कीर्ती झाली ती नरांमुळे. कोणाच्या बरगड्यांवरून सोनेरी पिसांचे झुबके लोंबतात, कोणाच्या डोक्यावर लांब तारा असतात, तर कोणाचे टक्कलच निळेभोर असते. माद्या बहुतेक जातींत तपकिरी, पोटावर बारीक आडव्या रेघा असलेल्या, पाचोळ्यात मिसळून जाणाऱ्या. घरटे मादी बांधते, एक किंवा दोन अंडी घालते, तीच उबवते आणि पिलांना तीच भरवते. नराचा हातभार शून्य. त्याचे सारे आयुष्य सजण्यात, नाचण्यात आणि आपल्या जागेवरून दुसऱ्या नरांना हुसकावण्यात जाते. हा सगळा खटाटोप ज्या काही क्षणांसाठी चालतो, त्या क्षणांत निर्णय मादीचा असतो. ती येते, पाहते, पुष्कळदा काही न करता निघून जाते, दुसऱ्या नराकडे जाते, परत येते. स्वयंवर हा शब्द इथे अलंकारापेक्षा वर्णन म्हणूनच चपखल बसतो. फरक इतकाच, की वरमाला घातल्यावर संसार मात्र एकटीने करायचा असतो.

असली चैन न्यू गिनीतच कशी परवडली, याचे उत्तर त्या बेटाच्या भूगोलात आहे. ग्रीनलंडच्या खालोखाल हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे अडीचपट. पश्चिम अर्धा भाग इंडोनेशियाचा, पूर्व अर्धा पापुआ न्यू गिनी या देशाचा. समुद्रकाठी सागूच्या दलदली, मध्ये ४,८८४ मीटरपर्यंत चढणारी पर्वतरांग, आणि दोन्हींच्या दरम्यान उंचीगणिक बदलत जाणारे रान. दऱ्याखोऱ्यांनी आणि डोंगरकड्यांनी पक्ष्यांच्या वस्त्या एकमेकींपासून तोडल्या, त्यामुळे जाती वेगळ्या होत गेल्या. माकडे, खारी, रानमांजरे हे प्राणी या बेटावर मुळातच नव्हते. फळांसाठी स्पर्धा कमी, झाडावर चढून झडप घालणारे शत्रूही कमी. साप आणि शिकारी पक्षी तेवढे उरतात. बाराही महिने कुठले ना कुठले फळ पिकलेले असते. अशा ठिकाणी एकटी मादी पिलांना वाढवू शकते, आणि नर मोकळा होतो.

या तर्काला कुळातूनच एक पुरावा मिळतो. मॅन्युकोड नावाचे काही स्वर्गपक्षी जोडीने राहतात. त्यांचे नर-मादी दोघेही निळसर काळे, जवळजवळ एकसारखे, आणि दोघे मिळून पिले वाढवतात. अमेरिकी पक्षितज्ज्ञ ब्रूस बीलर यांनी त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. मॅन्युकोडांची भिस्त उंबर-वडाच्या जातीच्या फळांवर असते. ही फळे एकदम ढिगाने येतात, पण कोणते झाड कधी लागेल याचा भरवसा नसतो, शिवाय त्यांत पोषण कमी. अशा अन्नावर पिले जगवायला दोघांची धावपळ लागते. उलट जायफळाच्या किंवा महोगनीच्या कुळातली फळे थोडी थोडी, पण नेमाने पिकतात आणि पौष्टिक असतात. ती खाणाऱ्या जातींत नर नाचतो. थोडक्यात, पिसाऱ्याचे मूळ बऱ्याच अंशी फळाच्या गरात आहे. मॅन्युकोडाची एक जात दिसायला साधी असली तरी आवाजात वरचढ आहे: तिच्या नराची श्वासनलिका छातीच्या कातडीखाली वेटोळी होऊन पडलेली असते आणि त्यातून तुतारीसारखा खोल आवाज निघतो.

बाहेरच्या जगाला हे पक्षी प्रथम भेटले ते मेलेल्या अवस्थेत. मॅगेलनच्या ताफ्यातले उरलेले एकमेव जहाज ‘व्हिक्टोरिया’ १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून स्पेनला परतले, तेव्हा त्यावर मोलुक्कातल्या बाचान बेटाच्या राजाने स्पेनच्या राजाला भेट म्हणून दिलेली स्वर्गपक्ष्यांची कातडी होती. न्यू गिनीकडचे शिकारी पक्षी मारल्यावर त्याचे पाय आणि पंख कापत, कातडे काठीवर ताणून धुरावर वाळवत. व्यापाराला हवी असत फक्त पिसे. युरोपात पोचलेल्या कातड्याला पाय नाहीत, पंख नाहीत. त्यावरून विद्वानांनी पक्षीही तसाच असणार असे ठरवले. तो कधी जमिनीवर उतरत नाही, सूर्याकडे तोंड करून हवेत तरंगतो, दवावर जगतो आणि मेल्यावरच खाली पडतो, ही समजूत दीडदोनशे वर्षे टिकून राहिली. मलायी व्यापारी त्यांना ‘मानुक देवाता’, देवांचे पक्षी, म्हणत. डच पंडितांनी लॅटिनमध्ये त्यांना स्वर्गाचे पक्षी केले.

या समजुतीच्या प्रवासात गोव्याचाही एक थांबा आहे. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. आशियातल्या व्यापाराची बित्तंबातमी त्याने तिथे बसून गोळा केली आणि १५९६ मध्ये मायदेशी ग्रंथरूपाने छापली. हे पक्षी जिवंत कोणीच पाहिलेले नाहीत, त्यांना पाय नसतात आणि पंखही नसतात, आणि हिंदुस्थानात आणलेल्या पक्ष्यांवरून याची खात्री पटते, असे त्यात नोंदलेले आहे. पुढे १७५८ मध्ये लिनियसने ‘मोठा स्वर्गपक्षी’ या जातीला शास्त्रीय नाव दिले ते ‘पॅराडिसिया अपोडा’, म्हणजे बिनपायांचा स्वर्गपक्षी. नाव अजून तेच आहे. न्यू गिनीच्या रानात जिवंत स्वर्गपक्षी पाहणारा पहिला युरोपीय निसर्गअभ्यासक म्हणून रने लेसन या फ्रेंच माणसाचे नाव घेतात. ते साल १८२४.

आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५७ मध्ये न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर पोचला. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनबरोबरच स्वतंत्रपणे मांडणारा हाच वॉलेस. आरूतल्या लोकांकडून त्याला मोठ्या स्वर्गपक्ष्यांच्या नाचाच्या मेळाव्यांची हकीगत कळली. पहाटे ठरावीक उंच झाडांवर वीसेक नर जमतात, पंख उभारून पिसे फुलवतात, आणि नाचण्याच्या धुंदीत इतके बेसावध होतात की फांद्यांत पानांचा आडोसा करून बसलेला शिकारी त्यांना एकेक करून टिपतो. रक्ताने पिसे खराब होऊ नयेत म्हणून बाणाचे टोक बोथट ठेवलेले असे. पुढच्याच वर्षी बाचान बेटावर वॉलेसचा मलायी मदतनीस अली याने एक अनोळखी पक्षी मारून आणला. खांद्यांतून चार लांब पांढरी पिसे निघालेल्या त्या जातीला आज वॉलेसचेच नाव आहे, अलीचे नाही.

१८६२ मध्ये मायदेशी परतताना वॉलेसने सिंगापुरात दोन जिवंत नर विकत घेतले. हा प्रवास वाचण्यासारखा आहे. पक्ष्यांसाठी केळ्यांचा ताजा साठा करायला आणि थोडी विश्रांती घ्यायला तो मुंबईत आठवडाभर उतरला. केळी मिळाली, पण पक्ष्यांना किडेही लागत, आणि आगबोटी भलत्याच स्वच्छ निघाल्या. कोठारात सापळे लावून, रोज रात्री तासभर शोधाशोध करून जेमतेम काही डझन झुरळे हाती लागत. माल्टा बेटावर एका बेकरीने प्रश्न सोडवला. तिथली झुरळे बिस्किटांच्या डब्यांत भरून तो इंग्लंडला निघाला. दोन्ही पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुखरूप पोचले आणि एकदोन वर्षे जगले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या जातींची रांग लागली आणि नावे देण्यात युरोपच्या राजघराण्यांची सोय पाहिली गेली. सॅक्सनीचा राजा आल्बर्ट, त्याची राणी कॅरोला, ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ, त्याची पत्नी स्टेफनी असे सगळे त्या जंगलात जाऊन बसले, प्रत्यक्षात एकानेही तिथे पाऊल न टाकता. अपवाद केला तो शार्ल ल्युसियँ बोनापार्ट या पक्षितज्ज्ञाने. नेपोलियनचा हा पुतण्या प्रजासत्ताकवादी होता. १८५० मध्ये एका देखण्या जातीचे नाव त्याने मुद्दाम ‘रेस्पब्लिका’, प्रजासत्ताक, असे ठेवले. निळ्या टकलाचा, विल्सनचा स्वर्गपक्षी म्हणून ओळखला जाणारा तो हाच.

चारशे वर्षे जगाने हे पक्षी असे कातड्यांवरून पाहिले. कपाटातल्या कातड्यावर पिसे सगळी दिसतात, पण कोणते पीस कशासाठी हे त्यावरून कळत नाही. कारण ही पिसे एका ठरावीक अंतरावरून, एका ठरावीक बाजूने आणि हालचालीत पाहण्यासाठी आहेत, आणि ती जागा मादीची असते.

पॅरोटिया वंशातल्या पक्ष्यांवरून हे सर्वांत स्पष्ट होते. नर मखमली काळा, डोक्यावर सहा लांब तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला काळी टिकली, छातीवर धातूसारखी चमकणारी ढाल. रानाच्या जमिनीवर तो स्वतःचे रिंगण तयार करतो. पाने, काटक्या, मुळ्यांचे तुकडे चोचीने उचलून बाहेर टाकतो, आणि हे झाडलोटीचे काम रोज चालते. रिंगणाच्या वर एक आडवी फांदी असते. माद्या येऊन त्या फांदीवर ओळीने बसतात. नर खाली वाकतो, बरगड्यांची पिसे सगळीकडून पसरून गोल घागरा करतो, ताठ उभा राहून लहान लहान पावले टाकत इकडून तिकडे सरकतो, थांबतो आणि डोके गरागरा हलवून सहाही तारा फिरवतो. जमिनीवरून पाहणाऱ्या माणसाला हा घागरा घातलेला नर्तक दिसतो आणि हसू येते. पक्षितज्ज्ञ एडविन स्कोल्स आणि छायाचित्रकार टिम लेमन यांनी कॅमेरा वर, माद्यांच्या पातळीवर बसवला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. वरून घागरा दिसतच नाही. दिसते ती एक काळी लंबगोल तबकडी, तिच्या एका कडेला झुलणाऱ्या टिकल्या, आणि मान हलेल तशी छातीवरच्या ढालीची झगझगीत रंगांची उघडझाप.

या ढालीचा रंग द्रव्याचा नाही, रचनेचा आहे. पक्ष्यांच्या पिसांतले बरेचसे पिवळे-तांबडे रंग आहारातून आलेल्या कॅरोटिनॉइडांमुळे असतात, काळे-तपकिरी मेलॅनिनमुळे. चमकते निळे-हिरवे रंग मात्र पिसातल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तयार होतात. मोराच्या पिसाऱ्यावरच्या डोळ्यांतही हेच घडते. पॅरोटियाने त्यात आणखी एक पाऊल टाकले आहे. त्याच्या पिसातल्या अगदी बारीक तंतूंचा आडवा छेद बूमरँगसारखा वाकडा असतो. त्यामुळे एकाच तंतूला तीन आरसे मिळतात: मधला पिवळसर नारिंगी प्रकाश परतवतो, बाजूचे दोन निळा. पक्षी किंचित कलला की रंग हळूहळू बदलत नाही, एकदम उडी मारतो. हा शोध २०१० मध्ये लॉस पॅरोटिया या जातीत लागला.

काळ्या रंगाची कथा याहून विलक्षण. लोफोरिना वंशाचा नर मादीसमोर मानेवरची काळी पिसे छत्रीसारखी उभारतो आणि छातीवरची निळी-हिरवी पट्टी पसरतो. पक्ष्याचा आकारच नाहीसा होतो. उरते एक काळी लंबवर्तुळाकार पाटी, तिच्यावर दोन चमकते ठिपके आणि खाली तेजस्वी पट्टी. ही पाटी मादीभोवती टिकटिक आवाज करत उड्या मारते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डकोटा मॅककॉय आणि सहकाऱ्यांनी हा काळा रंग मोजला. त्याच्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ९९.९५ टक्क्यांपर्यंत प्रकाश तो गिळतो. साध्या काळ्या पिसावरून तीन ते पाच टक्के प्रकाश परततो. या पिसांचे सूक्ष्म तंतू सपाट नसून उभे, काटेरी आणि खाचाखोचांनी भरलेले असतात. आत शिरलेला किरण त्या खाचांत आपटत राहतो आणि बाहेर येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पिसांवर सोन्याचा पातळ थर दिला, तेव्हा साधे काळे पीस सोनेरी झाले. हे मात्र काळेच राहिले. इतक्या गडद काळ्याशेजारी ठेवलेला रंग स्वतःच्या प्रकाशाने उजळल्यासारखा भासतो, कारण डोळ्याला तुलनेसाठी आसपास काहीच सापडत नाही. नर नेमका त्या बाजूने उभा राहतो जिथून मादीला हा परिणाम दिसेल. पाठीवरची, तिला न दिसणारी काळी पिसे साधीच असतात.

त्याच साली स्कोल्स आणि लेमन यांनी दाखवून दिले की बेटाच्या पश्चिम टोकाला राहणारा लोफोरिना ही वेगळी जात आहे. तिथल्या नराची पाटी लंबवर्तुळ नसून टोके खाली वळलेल्या चंद्रकोरीसारखी असते, आणि तो उड्या मारत नाही, गुळगुळीत सरकतो. जात वेगळी ठरवताना नाचाचीही साक्ष धरली जावी, हे या कुळाला शोभण्यासारखेच झाले.

इतरांच्या तऱ्हा थोडक्यात सांगता येतील. निळा स्वर्गपक्षी फांदीला उलटा लोंबकळतो, निळी पिसे खाली पंख्यासारखी सोडतो आणि विजेच्या तारेतून यावा तसा घुमणारा आवाज काढतो. बारा तारांचा स्वर्गपक्षी दलदलीतल्या सरळ, बोडक्या खांबासारख्या खोडावर मादीच्या पुढे-मागे फिरतो आणि बरगड्यांतून निघालेल्या वाकड्या तारा तिच्या चेहऱ्यावरून हलकेच फिरवतो. इथे नजरेबरोबर स्पर्शालाही काम आहे. विल्सनचा आणि त्याचा जवळचा नातलग, ‘मॅग्निफिसंट’, हे जमीन झाडतातच, शिवाय वरची पाने तोडून रिंगणात उजेडही पाडून घेतात. रिबनटेल अ‍ॅस्ट्रापियाच्या शेपटीची दोन पांढरी पिसे मीटरभर लांब होतात, शरीराच्या तिपटीहून अधिक. सॅक्सनीच्या राजाचे नाव मिळालेला पक्षी अवघा २२ सेंटिमीटरचा, पण त्याच्या भुवईतून निघणारी दोन पिसे ५० सेंटिमीटरपर्यंत जातात, आणि त्यांवर निळ्या मीनाकारीसारख्या चौकटींची माळ असते. १८९४ मध्ये ही पिसे युरोपात पोचली तेव्हा ती बनावट असावीत अशीच शंका घेतली गेली. त्याच डोंगरातला आर्चबोल्डचा कुंजपक्षी मात्र ती खरी मानतो. गळून पडलेली ही पिसे उचलून तो आपले मंडप सजवतो.

मोठा, धाकटा आणि राग्गियाना हे स्वर्गपक्षी एकएकटे नाचत नाहीत. त्यांचे सामाईक अड्डे असतात आणि एकेक झाड वर्षानुवर्षे वापरात राहते. मादी आली की सगळे नर एका सुरात ओरडतात, पिसारे पाठीवर उलटवतात, मग अचानक गोठल्यासारखे थांबतात. बाहेरून ही सामूहिक मौज वाटते, पण हिशेब निर्दय आहे. बीलर यांनी धाकट्या स्वर्गपक्ष्याच्या अड्ड्यावर पाहिले तेव्हा जवळजवळ सगळी मिलने एकाच नराच्या वाट्याला आली. बाकीचे का येत राहतात? जागा आज ना उद्या रिकामी होईल म्हणून. नराला पूर्ण पिसारा यायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर तो मादीसारखाच तपकिरी दिसतो, मोठ्यांचे नाच पाहतो आणि आपल्यासारख्या पोरांसमोर अर्धवट पिसांनिशी तालीम करतो. पॅरोटियांच्या तालमीत एक तरुण नर मादीची जागा घेऊन फांदीवर बसलेलाही आढळतो.

माद्या नेहमी बिनचूक निवडतात असेही नाही. जोडी बांधायची नसल्याने भेट काही क्षणांची, आणि त्यात कधी कधी दुसऱ्याच जातीच्या, किंबहुना दुसऱ्या वंशाच्या नराशी संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात नवीन जाती म्हणून जाहीर झालेली अनेक कातडी ही अशी संकरित पिले होती, हे १९३० मध्ये जर्मन पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांनी दाखवून दिले.

मादीला हे सगळे आवडते तरी का, या प्रश्नावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीची कल्पना सविस्तर मांडली: माद्या सुंदर नर निवडत गेल्या, म्हणून नर सुंदर होत गेले. स्वर्गपक्ष्यांचा मागोवा घेत बेटे पालथी घालणाऱ्या वॉलेसलाच हे मान्य नव्हते. मादीला सौंदर्यदृष्टी असते हे त्याला पटेना. नराच्या अंगातली जादा ऊर्जा रंगरूपाने बाहेर पडते असे तो म्हणत राहिला. १९३० मध्ये रोनाल्ड फिशरने सांगितले की आवड आणि आभूषण एकमेकांना ओढत नेतात: लांब शेपटी आवडणाऱ्या मादीच्या मुलांना लांब शेपटी मिळते आणि मुलींना तीच आवड, मग दोन्ही पिढ्यागणिक वाढत जातात. १९७५ मध्ये इस्रायलचे आमोट्झ झहावी म्हणाले, आभूषण हे ओझे असते म्हणूनच ते खरे प्रशस्तिपत्र. असले ओझे बाळगून जो जगतो तो धट्टाकट्टा असलाच पाहिजे.

मोरांवर हे पारखून पाहण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री यांना पिसाऱ्यात जास्त डोळे असलेले मोर लांडोरींना अधिक पसंत पडतात असे १९९०च्या दशकात आढळले; जपानमध्ये सात वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तसा संबंध दिसला नाही. स्वर्गपक्ष्यांच्या बाबतीत केवळ प्रकृतीच्या दाखल्याने सगळे उलगडत नाही. धडधाकटपणा सिद्ध करायला लांब शेपटी पुरे झाली असती; बूमरँगच्या आकाराचे तंतू आणि प्रकाश गिळणारा काळा रंग मादीच्या नजरेच्या बारकाव्यांना बेतून आलेले दिसतात. २०१८ मध्ये रसेल लिगन आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहातल्या ९६१ चित्रफिती आणि १७६ ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा रंग, आवाज आणि नाच एकमेकांबरोबर उत्क्रांत झालेले आढळले. जमिनीवर नाचणाऱ्या जातींत पदन्यासाचे प्रकार झाडावर नाचणाऱ्यांपेक्षा जास्त होते. सपाट, झाडलेल्या रिंगणात पावलांना वाव मिळतो, हे तर उघडच आहे. २०२५ मध्ये आणखी एक भर पडली: संग्रहालयातल्या कातड्यांवर निळा प्रकाश टाकला असता ४५ पैकी ३७ जातींची काही पिसे किंवा तोंडाचा आतला भाग हिरव्या-पिवळ्या रंगात चमकून उठला.

माणसालाही या पिसांचा मोह पडला. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या जमाती सणसमारंभात स्वर्गपक्ष्यांची पिसे डोक्यावर खोवतात. माउंट हागेन आणि गोरोका इथल्या वार्षिक मेळाव्यांत आजही हा थाट दिसतो. चांगला तुरा जपून ठेवतात, पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, नातलगांना उसनाही देतात. नेपाळच्या राजांच्या मुकुटावरचा झुपकेदार तुरा मोठ्या स्वर्गपक्ष्याच्याच पिसांचा आहे. खरा तडाखा बसला तो युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांच्या फॅशनमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरवर्षी हजारोंनी कातडी लंडनच्या लिलावात येत. पक्षी संपणार या धास्तीने विल्यम इन्ग्रम या इंग्रज धनिकाने १९०९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या लिटल टोबॅगो बेटावर मोठ्या स्वर्गपक्ष्यांची वसाहत केली. ती काही दशके टिकली. १९६३ च्या वादळाने तिची वाताहत झाली आणि पुढे पक्षी दिसेनासे झाले. अमेरिकेने १९१३ मध्ये आणि ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घातली. एवढ्या शिकारीतूनही जाती तगल्या याचे श्रेय पुन्हा त्यांच्या रीतीला द्यावे लागते. शिकारी फक्त पूर्ण पिसाऱ्याचे नर मारत. तपकिरी माद्या आणि तपकिरी तरुण नर त्यांच्या कामाचे नव्हते, आणि वंश चालवायला तेवढे पुरेसे होते.

आता कुळातल्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटीस’ कराराचे नियंत्रण आहे. पापुआ न्यू गिनीच्या १९७१ पासूनच्या ध्वजावर राग्गियाना उडताना दाखवला आहे. धोका बंदुकीपेक्षा करवतीचा अधिक: इमारती लाकडासाठी होणारी तोड आणि तेलताडाच्या लागवडी. पापुआ न्यू गिनीतली बहुतेक जमीन सरकारची नसून वंशपरंपरेने कुळांच्या सामाईक मालकीची आहे. त्यामुळे एखादा अड्डा राहणार की जाणार हे राजधानीइतकेच त्या गावातही ठरते. इंडोनेशियाच्या बाजूला आर्फाकच्या डोंगरांत आणि वाइगेओ बेटावर काही गावांनी रिंगणांजवळ पानांचे आडोसे उभारले आहेत. पूर्वी अशाच आडोशांतून बाण सुटत. आता तिथे पहाटेच्या अंधारात पाहुण्यांना बसवतात, आणि त्यांच्याकडून मिळणारे शुल्क जमिनीच्या मालकांना जाते.